हार्ट अटॅकमधली गुठळी किती मोठी, हे रक्ताच्या रिपोर्टात दिसतं का?

कसबेकर_ज्युनियर | शुक्रवार, रात्री ११:४०

थोडं लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात बाबांना (वय ६८) अटॅक आला. पहाटे पाचला उठले, पोटात वरच्या बाजूला जळजळतंय म्हणाले, घाम आला होता. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालेलं, त्यामुळे ॲसिडिटीच वाटली. सोडा घेऊन पडून राहिले. आठला उलटी झाली तेव्हा पेठेतल्याच फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ईसीजी काढला आणि पट्टी मशिनमधून बाहेर येत असतानाच मला म्हणाले, खाली जा, गाडी काढ. साडेनऊला बाबा कॅथलॅबमध्ये.

हृदयाला रक्त पुरवणारी उजवी नळी, आरसीए, पूर्ण बंद. डॉक्टरांनी नंतर मला काचेपलीकडून स्क्रीन दाखवला. नळीत सोडलेला रंग, डाय, येतो आणि एका जागी भिंतीवर आदळल्यासारखा थांबतो. "थ्रोम्बस ग्रेड फाइव्ह, क्लॉट बराच आहे," म्हणाले. वायर घातली, छोटा फुगा फुगवला, बारीक नळीने गुठळी ओढून काढली. ती गाळणीवर धरून दाखवली. डाळिंबाच्या दाण्याचे तुकडे असावेत तसं दोन-तीन ठिकाणी आणि एक लांबडा, शेवईएवढा. बस्स, एवढंच. स्टेंट लगेच टाकला नाही. दोन दिवस इंजेक्शनं चालवली आणि तिसऱ्या दिवशी टाकला. आता घरी आहेत. जिने चढायची बंदी आहे म्हणून सगळ्यांवर चिडलेले आहेत, म्हणजे बरे आहेत.

आता मुद्दा. फाईल लावताना तीन महिन्यांपूर्वीचा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) सापडला. त्यात एमपीव्ही, म्हणजे प्लेटलेटचा सरासरी आकार, ११.८ आणि पुढे चांदणी. कोणी त्याकडे पाहिलं नव्हतं. नेटवर शोधलं तर एमपीव्ही, न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट रेशो (दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर), डी-डायमर, फायब्रिनोजेन यांचा गुठळीच्या आकाराशी संबंध लावणारे ढीगभर पेपर आहेत. मग तीन महिने आधी हे कळलं असतं का? आणि मी (३९) यातल्या कुठल्या टेस्ट करून घेऊ?

चहाटळ | शनिवार, सकाळी ७:०५

वाचतोय. बाबांना आराम पडो. माझा एक डी-डायमरचा किस्सा आहे, ऑफिसात पोचून लिहितो.

निमहकीम | शनिवार, दुपारी २:२०

आयडीवर जाऊ नका, मी खरोखर हृदयरोगाचाच डॉक्टर आहे. रात्रभर जागून आत्ता जेवतोय, तेव्हा विस्कळीत झालं तर माफ करा.

कसबेकर, तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. अटॅक येणार का, हे तीन महिने आधी कळतं का, हा एक. अटॅक आलेला पेशंट दारात असताना त्याची गुठळी किती मोठी आहे ते रक्तावरून कळतं का, हा दुसरा. तुम्ही वाचलेले पेपर बहुतेक सगळे दुसऱ्याचे असणार. त्यातलं रक्त पेशंट इमर्जन्सीत आल्यावर काढलेलं असतं. त्या वेळी शरीरात धुमश्चक्री चालू असते. पांढऱ्या पेशी वाढतात, साखर वाढते, सगळंच वर जातं. त्या निकालांची पट्टी मोतीबिंदूच्या आधीच्या रिपोर्टला लावता येत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाबद्दल. अटॅकची म्हणून रक्तात जे ट्रोपोनिन तपासतात ते गुठळीचं माप नाही. हृदयाचा स्नायू मरायला लागला की त्याच्यातून ते रक्तात गळतं. सुरुवातीच्या दोन-तीन तासांत ते नॉर्मलही येऊ शकतं. शेवईएवढी गुठळी मोठ्या नळीच्या तोंडाशी बसली तर ट्रोपोनिन आभाळाला भिडतं, आणि तेवढीच गुठळी बारीक फांदीत बसली तर थोडंसंच वाढतं. शिवाय किडनी बिघडलेल्या माणसात ते असंही वाढलेलं राहतं. तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्त न काढता गाडी काढायला सांगितली ना? त्यांना माझा नमस्कार सांगा. ईसीजीच्या रेषेतला 'एसटी' हा तुकडा वर गेलेला दिसला की ट्रोपोनिनची वाट बघायची नसते.

अवांतर: गुठळी हे अटॅकचं कारण की परिणाम, यावरच एके काळी डॉक्टरांत भांडण होतं. शवविच्छेदनात कधी सापडायची, कधी नाही. १९८० साली अमेरिकेत डीवुड आणि सहकाऱ्यांनी अटॅक चालू असतानाच अँजिओग्राफी केली, जे तेव्हा धाडसाचंच होतं. पहिल्या चार तासांत तपासलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांची नळी पूर्ण बंद सापडली. बारा ते चोवीस तासांनी तपासलेल्यांत ते प्रमाण ६५ टक्क्यांवर आलं होतं, कारण काही गुठळ्या तोवर आपोआप विरघळल्या होत्या. भांडण मिटलं.

पर्वती_रोज | शनिवार, दुपारी ४:१०

मला १९९४ मध्ये अटॅक आला तेव्हा ही कॅथलॅबची सोय सगळीकडे नव्हती. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज दिलं, १५ लाख युनिट, तासभर सलाइनमधून. नर्स बीपीचा पट्टा दंडाला बांधूनच उभी होती, कारण त्याने बीपी धाडकन पडतं. निघताना एक पिवळं कार्ड दिलं, "स्ट्रेप्टोकायनेज दिले आहे, पुन्हा देऊ नये". ते औषध जंतूपासून काढलेलं असल्याने शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ठेवतं, असं समजावलं होतं. ते कार्ड तीस वर्षं पाकिटात आहे, बायकोच्या फोटोच्या मागे. गुठळी केवढी होती ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

निमहकीम | शनिवार, संध्याकाळी ६:४५

आजोबा, तुमच्या वेळी तेच सर्वोत्तम होतं. १९८८ मध्ये आयसिस-२ नावाच्या चाचणीत १७,१८७ पेशंट होते. ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही दिलेल्यांत पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले. गुठळीचा आकार न पाहता! कार्ड जपून ठेवा.

चहाटळ | शनिवार, रात्री ९:३०

माझा किस्सा. वय ६४. मुलाने वाढदिवसाला 'फुल बॉडी'चं पॅकेज भेट दिलं (आमच्या वेळी शर्ट देत). त्यात डी-डायमर ६१०, मर्यादा ५००, लाल अक्षरात. रात्री अकराला मुलगा मला घेऊन हॉस्पिटलात. पायांची सोनोग्राफी, छातीचा सीटी, सगळं स्वच्छ. शेवटी एका तरुण डॉक्टरणीने विचारलं, गेल्या आठवड्यात काही झालं होतं का? मी म्हटलं, दाढ काढली. ती नुसती हसली. सीटीचं बिल बघून मी हसलो नाही.

सेंट्रिफ्यूज | रविवार, सकाळी ८:१५

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सतरा वर्षं आहे, म्हणून बोलते.

काका, तुमच्या वयाला ६१० ला लाल करायलाच नको होतं. पन्नाशीनंतर डी-डायमरची मर्यादा वयाला दहाने गुणून धरायची पद्धत आहे, म्हणजे तुमची ६४०. पण छापील रेंज सगळ्यांना एकच जाते. त्यातून एकक बघावं लागतं: काही किटं एफईयूमध्ये आकडा देतात, काही डीडीयूमध्ये, आणि पहिला दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरलेले लोक दर आठवड्याला येतात.

डी-डायमर म्हणजे काय ते मी काउंटरवर असं सांगते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रोडवर झाडलोट होते. गुलाल, फुलं, थर्माकोलचे तुकडे बघून मिरवणूक गेली एवढं नक्की कळतं. बेलबाग चौकात कुठलं मंडळ किती तास अडकलं, ते त्या ढिगावरून नाही कळत. शरीरात कुठेही फायब्रिनची, म्हणजे गुठळीतल्या धाग्यांची, जाळी तयार होऊन विरघळली की तिचे तुकडे रक्तात येतात. दाढ, ऑपरेशन, न्यूमोनिया, गरोदरपण, काहीही चालतं. हृदयाची नळी जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीची. तिथली गुठळी कितीही जीवघेणी असली तरी मालाच्या हिशोबाने चिमूटभर. मांडीवरच्या मोठ्या काळ्या-निळ्या डागातून जास्त कचरा निघत असेल. म्हणून ही टेस्ट पायातल्या किंवा फुफ्फुसातल्या गुठळीची शंका 'नाही' म्हणून काढून टाकायला उत्तम आहे, हृदयातल्या गुठळीचं माप घ्यायला नाही. कोविडमध्ये सगळ्यांना हे नाव पाठ झालं, उपयोग मात्र उलटा पाठ झाला.

विदाबाई | रविवार, सकाळी ११:००

सेंट्रिफ्यूजताईंना दंडवत.

मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवते. कसबेकरांनी व्यनितून पाठवलेले तीन पेपर वाचले. तिन्हींत ठरावीक साचा आहे: एका हॉस्पिटलचे दोन-तीनशे पेशंट, त्यांचे मोठी गुठळी आणि छोटी गुठळी असे दोन गट, आणि मोठीवाल्यांत अमुक रेशोची सरासरी जास्त. पी व्हॅल्यू झकास. पण सरासरी वेगळी असणं आणि समोरच्या एका माणसाबद्दल सांगता येणं, यांत कोथरूड ते हडपसर एवढं अंतर आहे, तेही संध्याकाळी सातचं.

समजा शंभर पेशंट, चाळीस जणांची गुठळी मोठी. टेस्ट ७० टक्के मोठ्या पकडते आणि ७० टक्के छोट्यांना छोटीच म्हणते. तर चाळिसांतले २८ पकडले, साठांतल्या १८ जणांना उगाच मोठी म्हटलं. एकूण ४६ जणांना 'मोठी' सांगितलं, त्यांतले १८ चुकीचे. आणि १२ मोठ्या निसटल्याच. टेस्ट न करता नाणं उडवण्यापेक्षा बरं, पण यावर कोणी औषध बदलेल का?

आणखी एक खोच. 'याच्या वर म्हणजे मोठी' हा कट-ऑफ ज्या पेशंटांवर बसवला, त्याच पेशंटांवर तो तपासला होता. स्वतःच पेपर काढून स्वतःच सोडवल्यासारखं आहे ते. निमहकीम, गुठळीचा 'ग्रेड' कोण ठरवतं, कसा?

निमहकीम | रविवार, रात्री १०:५०

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. डोळ्याने ठरवतात. स्क्रीनवरची सावली बघून ० ते ५. एकवर धूसर, असेल-नसेल. दोन, तीन, चार हे लांबीवर. गुठळी नळीच्या जाडीच्या दुपटीपेक्षा लांब असली की चार. पाच म्हणजे ठार बंद. आणि पाचात गोची अशी की डाय पुढे जातच नाही, तर पलीकडे किती माल आहे कळणार कसं? म्हणून २००७ मध्ये रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी सुचवलं की वायर किंवा छोटा फुगा पार करून थोडा प्रवाह सुरू झाला की पुन्हा ग्रेड लावा. कसबेकरांच्या बाबांचा वायरनंतर कदाचित चार झाला असेल, कदाचित दोन. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसतं बऱ्याचदा.

पण न्यूट्रोफिलचं सगळंच थोतांड आहे असं म्हणणार नाही मी, कारण त्यामागची गोष्ट खरी आहे आणि मला ती फार आवडते. २००४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी दाखवलं की न्यूट्रोफिल मरता मरता स्वतःचा डीएनए बाहेर फेकतात, कोळ्याने जाळं फेकावं तसा. जंतू पकडायला. पुढे अटॅकच्या पेशंटांमधून ओढून काढलेल्या गुठळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर त्यांतही ही जाळी. प्लेटलेट त्यात अडकतात, फायब्रिन त्यावर विणलं जातं, आणि अशी गुठळी औषधाला लवकर दाद देत नाही. म्हणजे तुम्ही गाळणीवर पाहिलेल्या त्या शेवईत तुमच्या बाबांच्या पांढऱ्या पेशींचे धागेही असणार. तेव्हा न्यूट्रोफिल वाढलेल्यांत गुठळ्या मोठ्या दिसल्या तर नवल नाही. फायब्रिनोजेनचंही तसंच, त्याचंच फायब्रिन बनतं, विटा जास्त तर भिंत मोठी. सिगारेट ओढणाऱ्यांत ते वाढलेलंच असतं. नवीन प्लेटलेट आकाराने मोठ्या आणि जास्त चिकट, म्हणून एमपीव्हीची चर्चा.

फक्त मला विचाराल तर या आकड्यांपेक्षा मोठ्या गुठळीचा अंदाज मला दोन साध्या गोष्टींवरून बांधता येतो. एक, नळी कुठली. उजवी नळी जाड, सरळ, सुरुवातीला मोठ्या फांद्या कमी, त्यामुळे मागे रक्त साचून गुठळी लांबत जाते. दोन, दुखणं सुरू होऊन किती तास झाले.

चहाटळ | सोमवार, सकाळी ७:२०

मग मोठी गुठळी आहे कळलं की सगळ्यांचीच नळीने ओढून का नाही काढत? सरळ आहे की.

निमहकीम | सोमवार, दुपारी ३:०५

आम्हालाही सरळच वाटलं होतं. २००८ मध्ये हॉलंडच्या टापास चाचणीने आशा दाखवली आणि सगळे ओढायला लागले. मग २०१३ मध्ये टेस्ट (TASTE) नावाची चाचणी, ७,२४४ पेशंट: मृत्यू कमी झाले नाहीत. २०१५ मध्ये टोटल (TOTAL) नावाची चाचणी, १०,७३२ पेशंट: तरीही नाहीत, उलट पक्षाघाताचं प्रमाण थोडं जास्त. तुकडा ओढताना निसटून भलतीकडे जाऊ शकतो. आता सरसकट ओढत नाहीत, डोळ्यांसमोर ढीग दिसत असेल तरच. स्टेंट थांबून टाकण्याचंही तसंच. २०१६ च्या डॅनिश चाचणीत सरसकट थांबण्याचा फायदा दिसला नाही, पण बाबांसारख्या निवडक केसमध्ये आम्ही थांबतो.

यात तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर दडलंय, कसबेकर. उद्या रक्ताच्या थेंबाने ग्रेड अचूक सांगितला तरी मी काय वेगळं करणार? पेशंट तासाभरात टेबलावर असतो आणि गुठळी मला दिसतेच. फार तर मोठ्या गुठळीला लागणारं जादा इंजेक्शन आधी मागवून ठेवीन. जिथे कॅथलॅब दोन-तीन तासांवर आहे तिथे असा आकडा कामाचा ठरेल असं वाटतं, पण तिथेही निर्णय ईसीजी आणि घड्याळावर होतो.

संपादक | सोमवार, संध्याकाळी ५:३०

'नसा साफ करणारा काढा' या आशयाचे दोन प्रतिसाद आणि एक फोन नंबर उडवला आहे.

पर्वती_रोज | सोमवार, संध्याकाळी ७:००

मी खिशात सॉर्बिट्रेट ठेवतो, सगळ्या ज्येष्ठांनी ठेवावी.

निमहकीम | सोमवार, रात्री ११:१५

आजोबा, तुमच्या डॉक्टरांनी दिली असेल तर तुम्ही ठेवा, दुसऱ्याच्या जिभेखाली सरकवू नका. उजव्या नळीच्या अटॅकमध्ये उजवा कप्पा लुळा पडलेला असेल तर त्या गोळीने बीपी कोसळतं. टेकडीवर कोणी छाती धरून बसलं तर आधी १०८.

कसबेकर_ज्युनियर | मंगळवार, रात्री १२:२०

सगळ्यांचे आभार. पटतंय. तरी तो ११.८ डोक्यातून जात नाहीये. चांदणी होती हो त्यापुढे. लॅबने निदान फोन करायला हवा होता असं वाटतं.

सेंट्रिफ्यूज | मंगळवार, सकाळी ८:४०

कसबेकर, रिपोर्टवर रक्त काढल्याची वेळ आणि रिपोर्टची वेळ असते. ती बघून सांगता का? आणि रक्त घरी येऊन नेलं होतं का?

कसबेकर_ज्युनियर | मंगळवार, सकाळी ९:१०

हो, घरी. मुलगा सकाळी ७:१० ला आला होता, रिपोर्टवर दुपारी १:४०.

सेंट्रिफ्यूज | मंगळवार, दुपारी १:००

वाटलंच. सीबीसीचं रक्त जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये घेतात, त्यात ईडीटीए असतं. रक्त गोठत नाही, पण प्लेटलेट त्यात हळूहळू फुगतात. ट्यूब जितकी जास्त वेळ राहील तितका एमपीव्ही वर. तो मुलगा आठ-दहा घरं करून, बॅग मांडीवर घेऊन दुपारी लॅबला पोचला असणार. म्हणजे ११.८ मध्ये बाबांचा वाटा किती आणि ट्यूबमधल्या पाच-सहा तासांचा किती, हे मला सतरा वर्षांनंतरही सांगता यायचं नाही. मशीन रेंजबाहेरच्या आकड्यापुढे चांदणी छापतं, आम्ही नाही. त्यासाठी फोन करायचा तर दिवसाला दोनशे फोन होतील.

कसबेकर_ज्युनियर | मंगळवार, रात्री ११:५५

ताई, हे माहीत नव्हतं.

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये नीट लिहिली नाही. बाबा सोडा घेऊन पडले असं लिहिलंय. सोडा मीच कालवून दिला होता. बाबा म्हणाले होते, जरा वेगळं दुखतंय रे. मी म्हटलं, काल जिलबी किती खाल्लीत. पाच ते आठ. ते तीन तास रिपोर्टात कुठे सापडतात का ते शोधत होतो बहुधा.

निमहकीम | बुधवार, पहाटे ४:३०

आत्ताच एक केस संपवून बसलोय. उजवी नळी हृदयाच्या ज्या खालच्या भागाला रक्त पुरवते तो पोटाच्या पडद्यावर टेकलेला असतो, त्याचा अटॅक पोटातच दुखतो. मळमळ, घाम, उलटी. माझ्या सख्ख्या मामाला मी फोनवर ॲसिडिटीची गोळी सांगितली होती, तेव्हा मी एमडी करत होतो. मामा आहेत अजून, दर दिवाळीला ऐकवतात.

एक काम करा. बाबांचा डिस्चार्जच्या वेळचा ईसीजी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढे कधी दुखलं तर समोरच्या डॉक्टरला जुना आणि नवा शेजारी धरता आला की अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. तुमच्यासाठी डी-डायमर-बिमर काही नको. बीपी, साखर, लिपिड, आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (रक्तातली एक आनुवंशिक चरबी), वडिलांमुळे. सिगारेट असेल तर तुम्हाला माहीत आहे.

कसबेकर_ज्युनियर | रविवार, सकाळी १०:३०

ईसीजीचा फोटो काढला. मोबाइलमध्ये आणि बहिणीकडेही पाठवला. फॅमिली डॉक्टरांना तुमचा नमस्कार सांगितला, ते "कोण निमहकीम?" म्हणाले. तिथेच बसल्या बसल्या आईचाही ईसीजी काढून घेतला, जुना म्हणून ठेवायला. आई टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली, आता माझ्यात काय शोधतोयस?